हॅट बसवली, उकळली नाही

“आमच्या नानांनी आजोबांची फेल्ट हॅट सणगराच्या कढईत उकळली, आपल्या डोक्याएवढी लहान करून घेतली आणि माझ्या वडिलांना जन्माची टोपी घातली.” हे वाक्य माझा पुतण्या विलास याने त्याच्या वडिलांच्या दशक्रियेला, प्रवरेच्या घाटावर, ध्वनिक्षेपकातून उच्चारले. मंडळी हसली. दहाव्याला हसू नये असा काही नियम नाही आणि विलास बोलतोही बरा. पण वाक्यातले ‘नाना’ पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले होते आणि ते मी होतो. घाटावर उठून उत्तर देणे मला शोभले नसते. शिवाय ज्याच्याविषयी उत्तर द्यायचे तो माझा थोरला भाऊ अण्णा त्या दिवशी ऐकायला उरलेला नव्हता. म्हणून हे प्रकरण लिहीत आहे. विलासच्या एका वाक्यात तीन विधाने आहेत. त्यातले एक अर्धे खरे आहे आणि दोन धादांत खोटी आहेत.

ती हॅट माझ्या वडिलांची, दादांची. गोऱ्या साहेबाने जाताना ती त्यांना भेट दिली, अशी एक कथा आमच्या वहिनी सांगत असत, तीही खोटी. दादांनी ती पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानातून स्वतः निवडून आणली होती. रंग ओल्या मातीसारखा, कडेने काळी रेशमी फीत आणि आत कपाळाला लागणारी तपकिरी चामड्याची पट्टी. दादा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. देवळाली प्रवरेच्या पुढे पाटाच्या कडेला खात्याची चौकी होती, तिला लागून दोन खोल्यांचे बिऱ्हाड, आणि चहूबाजूंना ऊस. सर्वांत जवळचे घर हाकेच्या टप्प्यात नव्हते. आमच्या घरातले आवाज म्हणजे पाटाच्या लोखंडी दारातून सुटणाऱ्या पाण्याचा अखंड घुमारा, साखर कारखान्याचा लांबून येणारा भोंगा आणि वाऱ्यावर पाचटाची सळसळ. पाटाला पाणी नसले की इतकी शांतता होई की आई चुलीपुढून मोठ्याने बोलू लागे; कोणाशी, ते तिलाही सांगता आले नसते. आज मी श्रीरामपुरात भर वस्तीत राहतो, खालून दिवसभर टेम्पो जातात, आणि तरीही स्वयंपाकघरात कधीकधी माझाच आवाज ऐकून मी दचकतो. तेव्हा आईची ती सवय मला वेड्यासारखी वाटे. आता वाटत नाही.

दादांच्या हॅटचे काम डोके झाकण्याचे नव्हते. ऊस पुरुषभर उंच असे आणि दादा पाटाच्या भरावावरून चालत, त्यामुळे शेतातल्या माणसाला ते दिसण्याआधी त्यांची हॅट दिसे. “टोपी आली रं!” अशी आरोळी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाई, आणि ज्यांनी पाळी नसताना चारी, म्हणजे पाटाचा फाटा, फोडून पाणी घेतलेले असे ते घाईघाईने चिखल लोटून भोक बुजवीत. दादा पोहोचत तोवर सगळे शहाण्यासारखे उभे असत. दादा काही बोलत नसत. त्यांना कोणाला पकडायचे नव्हते. शेवटच्या शेताला पाणी पोचावे एवढेच हवे होते, आणि ते हॅटने साधत असे. घरी आले की हॅट खुंटीवर आणि दादा जेवणाच्या पाटावर. आई हुलग्याचे शेंगोळे करी. वाफाळलेल्या रश्श्यात बोटाएवढे शेंगोळे, वर लसणीची फोडणी, सोबत बाजरीची भाकरी. दादा पहिला घास घेऊन डोळे मिटत. मी आणि अण्णा एकाच ताटात जेवत असू, आणि एकाच घोंगडीखाली झोपत असू. घोंगडी अण्णा ओढून घेई. हे मात्र मी विलासच्या दहा भाषणांविरुद्ध शपथेवर सांगेन.

दादा गेले ते पाटाला पाणी चालू असताना. मी त्या वेळी शाळा संपवून बसलो होतो. अण्णाला नगरला छावणीकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. तो आला, सर्व विधी त्याने थोरल्यासारखे केले आणि तेराव्यानंतर निघाला. निघताना आईने खुंटीकडे बोट केले. “हॅट तुझी. थोरल्याची.” अण्णाने ती डोक्यावर ठेवून पाहिली. ती त्याला अशी बसली की आईने तोंडाला पदर लावला. अण्णाचे डोके दादांचेच होते, घडणीने आणि मापाने. मग त्याने ती परत खुंटीला अडकवली आणि म्हणाला, “राहू दे इथंच. तिथं खोलीत चौघं हायेत, कुनीबी उचलील. वर्षश्राद्धाला आलो की नेतो.” ती हॅट अण्णाची होती हे मी तेव्हा ऐकले, तेव्हाच मान्य केले आणि त्यानंतर एकदाही नाकारलेले नाही. विलासने हे वाक्य दोनदा वाचावे.

प्रश्न हॅटचा नव्हता, चौकीचा होता. दादांच्या जागी नवा माणूस नेमला गेला की बिऱ्हाड खाली करावे लागणार, आणि आईला जाण्यासारखे दुसरे घर नव्हते. वरच्या साहेबांनी कनवाळूपणाने मला रोजंदारीवर दादांच्या पट्ट्यात फिरायला सांगितले. “शेवटच्या शेताला पाणी पोचतंय तोवर मी वर काही कळवत नाही,” ते म्हणाले. “तक्रार आली तर माझाही इलाज नाही.” म्हणजे पाणी पोचले तर छप्पर राहणार, न पोचले तर जाणार. पहिल्या आठवड्यात मी बोडका फिरलो. उसाला मी दिसत नव्हतो आणि मला ऊस दिसत नव्हता. चारी जागोजाग फुटलेली, आणि पाणी निम्म्या वाटेतच जिरत होते. तेव्हा आईनेच खुंटीवरून हॅट काढून माझ्या हातात दिली. “घाल. अण्णाची हाय, पर अण्णा येईतो तुज्या डोक्यावर राहील.” ती मी आपणहून घेतली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

हॅट मला मोठी होती. थोडीथोडकी नव्हे, ती कपाळावर टेकतच नसे, सरळ कानांवर येऊन बसे, आणि कान वाकले की भुवयांवर उतरे. वारा आला की ती फिरे, फीत कधी डाव्या तर कधी उजव्या बाजूला येई. एका हाताने हॅट धरून मी पहिल्या दिवशी भरावावरून निघालो. आरोळी उठली. “टोपी आली रं!” फावड्यांचा आवाज झाला. माझी छाती फुगली. मी बबन पाटलाच्या उसाजवळ पोचलो आणि नेमकी वाऱ्याची झुळूक आली. हॅट नाकावर आली, मी ठेचकाळलो. बबन पाटील हा त्या भागातला मोठा बागायतदार, तोंडाने सैल आणि आवाजाने मोठा. तो बांधावर उभा राहून कमरेवर हात ठेवून म्हणाला, “टोपी आली, पन आत कोन न्हाई की!” हे वाक्य त्या दुपारीच चारीच्या शेवटापर्यंत पोचले. पाणी मात्र पोचले नाही. दुसऱ्या दिवसापासून आरोळीच बदलली. “टोपी आली रं! कोन हाय का बघा आत!” आणि फावडी हलेनाशी झाली. बायाबापड्याही पदराआड हसत. माझ्या बरोबरीची मुले श्रीरामपूरला कॉलेजात गेलेली, आणि मी भरावावर, आत कोणी नसलेल्या टोपीखाली. त्या दिवसांइतका एकटा मी पुढे कधी झालो नाही, असे मी पन्नाशीपर्यंत मानत होतो.

आता कढईकडे येतो, कारण विलासचे अर्धे सत्य तिथे आहे. गावाच्या टोकाला गेणूबाबा सणगर राहत. घोंगड्या विणणे हा त्यांच्या घरचा धंदा. हात चांगला, पण स्वभाव असा की जगात घोंगडीखेरीज दुसरी वस्तू आहे हेच त्यांना मान्य नव्हते. मी हॅट घेऊन त्यांच्याकडे गेलो हे खरे. त्यांच्या अंगणात चुलाणावर कढई उकळत होती हेही खरे. त्यांनी हॅट हातात फिरवली, आत फुंकर मारली, वास घेतला.

“लोकरच हाय,” ते म्हणाले. “बसवून देतो.”

“बसवून म्हणजे?”

“म्हंजी उकळत्या पान्यात घालायची, वर काढून मळायची, की लोकर आवळून बसती. घोंगडं बसवत्यात तसंच. मंग चिंचोक्याची खळ द्यायची. दगडावानी हुईल बघ.”

“बाबा, मला टोपी पाहिजे, दगड नको.”

“आरं, खळ दिल्याबिगर घोंगडं उभं ऱ्हातं का?”

“हे घोंगडं नाही.”

“लोकर ती लोकर. तू पोर हाईस, तुला काय कळतंय?”

त्याच वेळी माझे शिवराम मामा, आईचे भाऊ, नगरची एसटी गाठायला त्या रस्त्याने चालले होते. ते अंगणाच्या कडेला क्षणभर थांबले. त्यांनी कढई पाहिली, कढईवर धरलेली हॅट पाहिली आणि गेणूबाबांचे “आत्ता बसवून देतो टोपी” हे शब्द ऐकले. गाडीची वेळ झाली होती. ते पुढे गेले. मामा एवढेच पाहून गेले आणि नगरला अण्णाला एवढेच सांगितले. त्यानंतर काय झाले ते पाहायला मामा नव्हते, विलास तर जन्माला यायचा होता. झाले ते असे. गेणूबाबांनी हॅटची एक कड शेजारच्या खळीच्या घमेल्यात टेकवली आणि मी झडप घालून हॅट त्यांच्या हातून ओढून घेतली. ओढताना त्यांची पगडी पडली. ते मला आणि माझ्या मागच्या पिढ्यांना जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. खळीने बरबटलेली कड वर धरून मी पळत सुटलो. त्या कडेला आजही एक वळ आहे, ताठ आणि पापुद्र्यासारखा. विलासची आई आमच्या घरी कार्याला आली की माझ्यामागे तो वळ बोटाने दाखवून “हे बघा, उकळल्याची खूण” असे पाहुण्यांना सांगत असे. वहिनी गेल्या, त्यांच्याविषयी मला अधिक बोलायचे नाही. पण खळीचा डाग आणि उकळणे यांत फरक असतो आणि तो कोणत्याही धुणाऱ्याला विचारावा.

हॅट बसवली ती आईने, आणि ती अशी. दुपारची वेळ होती. आईने आमची जुनी घोंगडी काढली, जिच्याखाली मी आणि अण्णा झोपत होतो, आणि तिचा काळा काठ हातभर फाडला. त्याची तीन पदरी घडी घातली. हॅटच्या आतली चामड्याची पट्टी बोटाने उलटी केली, तिच्यामागे ती घडी कपाळाच्या बाजूला जाड आणि कानांकडे पातळ होईल अशी बसवली, आणि मोठ्या सुईने टाके घालू लागली. टाके लांब लांब पडत होते. मी म्हणालो, “आई, बारीक घाल. सुटतील.”

“सुटायलाच पाह्यजेत,” ती म्हणाली. “अण्णा आला की वढून काढीन. त्याला अशी कशी बसंल ती?”

मग तिने हॅट माझ्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी खाली दाबली आणि लांब जाऊन उभी राहिली. ती हसेल असे मला वाटले होते. पण ती चुलीकडे वळली आणि पीठ मळायला लागली.

दुसऱ्या सकाळी वारा होता, आणि हॅट हलली नाही. कपाळाला घोंगडीचे केस टोचत होते. लहानपणी थंडीत हनुवटीला टोचत तसेच. मी दोन्ही हात मोकळे सोडून, दादा चालत त्या चालीने भरावावरून निघालो. “टोपी आली रं,” अशी हाक उठली आणि पुढचे शब्द आले नाहीत. मी वाट पाहिली. फावड्यांचे आवाज आले. बबन पाटलाच्या बांधावर पोचलो तेव्हा भोक बुजलेले होते आणि त्याच्या हाताला ओला चिखल होता. “रामराम,” तो म्हणाला. काल तो मला ‘पोऱ्या’ म्हणत होता. मी मान हलवली आणि पुढे गेलो. त्या आठवड्यात शेवटच्या शेतात पाणी पोचले, तिथल्या म्हातारीने लोटीभर ताक दिले, आणि चौकी आमचीच राहिली.

पण त्या दिवसापासून माझ्याशी कोणी बोलेनासे झाले, हे कोणत्याही कथेत येत नाही. आधी चेष्टेने का होईना, लोक हाक मारीत, भुईमुगाच्या शेंगा पुढे करीत, “आत कोन हाय?” म्हणून विचारीत. आता मी येतो आहे असे दिसले की बोलणे थांबे. मी गेलो की माझ्यामागे पुन्हा सुरू होई, आणि शब्द कळू नयेत इतक्या अंतरावर ते हसू ऐकू येई. सबंध पट्टा चालून घरी यावे आणि दिवसभरात ‘रामराम’खेरीज शब्द ऐकलेला नसावा. दादा घरी आल्यावर गप्प का असत आणि पहिल्या घासाला डोळे का मिटत, ते मला त्या वर्षी कळले. सांगायला अण्णा हवा होता. तो माझी घोंगडी ओढणारा एकमेव माणूस होता.

वर्षश्राद्धाला तो आला. बोडका आला, उन्हाने कपाळ लाल झाले होते. विलास म्हणतो की त्याचे वडील हॅट न्यायला आले होते. असतील. आईने पहाटेपासून स्वयंपाक केला होता आणि सुई-कात्री चुलीजवळच्या कोनाड्यात काढून ठेवली होती. टाके ओढायला तिला क्षण पुरला असता. मी पाटावरून आलो तेव्हा अण्णा ओट्यावर बसला होता. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिले.

“बसली की रे तुला,” तो म्हणाला.

“बसवली,” मी म्हणालो.

एवढेच. मराठीत त्या शब्दाचा अर्थ ‘मापाची केली’ असा होतो. गेणूबाबांच्या अंगणात त्याचा अर्थ ‘उकळून आवळली’ असा होता, आणि मामांनी नगरला तोच अर्थ पोचवला होता, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हते. अण्णाचा चेहरा बंद झाला. श्राद्ध झाले, पान वाढले गेले, तो चार घास जेवला. मी हॅट काढून त्याच्यासमोरच्या खुंटीला लावली होती. आई मला आत येऊन म्हणाली, “उसवू का?” मी म्हणालो, “त्याची हाय. मागू दे त्याला.” थोरला आपल्या मालकीची वस्तू मागणार नाही असे मला वाटण्याचे कारण नव्हते, आणि आजही मला त्या बोलण्यात गैर दिसत नाही. ज्याच्या मनात आरोप आहे त्याने तो तोंडाने करावा. न केलेल्या आरोपाला मी उत्तर कसे देणार? तो उठला, आईच्या पाया पडला. भरावावरून एसटीच्या रस्त्याकडे जाताना त्याचे उघडे डोके उसाच्या वर दिसत होते, आणि दिसेनासे होईपर्यंत आई दारात सुई घेऊन उभी होती.

पुढे आम्ही लग्नकार्यात भेटलो, एकमेकांना पाणी दिले, मुलांची चौकशी केली. त्याने हॅटचे नाव काढले नाही, मीही नाही. आईने ते टाके शेवटपर्यंत ओढले नाहीत, कारण अण्णा आला की ओढायचे होते. ती गेल्यावर मी ओढले नाहीत, कारण ते तिचे काम होते. कढईची गोष्ट मी प्रथम ऐकली ती दुसऱ्याच कोणाच्या तोंडून, केस पिकल्यावर, आणि तेव्हा माझी मान इतकी ताठ झालेली होती की नगरची गाडी पकडून थोरल्याला समजावून सांगायला जाणे मला माझ्या सत्याचा अपमान वाटला. पत्नी म्हणे, “एकदा जाऊन या.” आता तीही म्हणायला नाही. मुलगा पुण्याहून रविवारी मोबाईलवर बोलतो, हॅटचा विषय काढला की म्हणतो, “नाना, जाऊ द्या ना आता.” ज्यांच्यावर आरोप नसतो त्यांना असे म्हणणे सोपे जाते.

विलास, तुझ्या वडिलांच्या घाटावर तू जे बोललास त्यावर मी साक्षीदार आणू शकत नाही. मामा गेले, गेणूबाबा गेले, आई गेली, आणि ज्याला हे ऐकवायचे तो राखेत आहे. तू म्हणशील, म्हातारा आपल्याच बाजूचे लिहितो. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर मी कपाटावरून हॅट काढली, खिडकीशी बसलो आणि आईने घातलेल्या दोऱ्याचे टोक शोधून ओढले. सगळे टाके एका ओढीत निघाले. तसेच घातले होते तिने. घोंगडीचा काळा काठ हातात आला. तो मी टेबलावर ठेवला, उठून आरशासमोर गेलो. उकळून आवळलेली फेल्ट पुन्हा सैल होत नाही, हे तुला कोणीही टोपीवाला सांगेल. मी ती हॅट डोक्यावर ठेवली, आणि ती माझ्या कानांवरून घसरून भुवयांच्या खाली आली.